दोरीमागची गर्दी

१

दोरीकाकांचं काम ऐकलं की नवा माणूस हसायचाच. दोरी धरायची, बस्स. त्या स्टेशनातला जुना पूल बरा रुंद होता, पण त्यावरून मधल्या फलाटावर उतरणारा जिना अगदी चिंचोळा, आणि सगळी रड तिथूनच सुरू झालेली. फलाटावर आधीच माणसं दाटलेली असताना वरून आणखी लोंढा उतरला, तर कडेचे लोक रुळांवर जाणार हे सांगायला कुणी ज्योतिषी नको. म्हणून जिन्याच्या तोंडाशी एक जाड, हाताळून हाताळून काळी पडलेली दोरी होती. तिचं एक टोक भिंतीतल्या कडीला आणि दुसरं काकांच्या मुठीत. दोरी ताणली की म्हणायचं, थांबा. गाडी गेली, फलाट मोकळा झाला, की दोरी सैल सोडून म्हणायचं, चला. उभ्या नोकरीत काकांनी हे दोनच शब्द वापरले. त्याची कसर ते घरी भरून काढतात, असं त्यांची बायको म्हणायची.

काम त्यांना शिकवलं ते आधीच्या दोरीवाल्यानं. त्याला सगळे वस्ताद म्हणत. वस्तादानं दोनच गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे गर्दीच्या तोंडाकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. तोंड बघितलं की कुणाची तरी दया येते, आणि एकाला सोडलं की सगळे घुसतात. दुसरी गोष्ट, ज्यानं रोखलं त्यानंच सोडायचं. पाळी बदलताना दोरी दुसऱ्याच्या हाती द्यायची ती सैलच. ताणलेली दोरी टाकून कुठंही जायचं नाही. काकांनी का म्हणून विचारलं, तर वस्ताद म्हणाला, "का ते विचारायला साहेब लोक आहेत. तू धर."

पुढं गर्दी हाताबाहेर गेली आणि स्टेशनाचा कायापालट करायचं ठरलं. जुन्या पुलाला खेटूनच नवा पूल उभा राहिला, चांगला ऐसपैस, सरकत्या जिन्यांसकट. जुना जिना पाडून तिथं लिफ्टसाठी खड्डा खणायचा होता.

जुन्या जिन्याच्या शेवटच्या संध्याकाळी काकांनी नेहमीसारखी दोरी ताणली. "थांबा," म्हणाले. गर्दी थांबली. तेवढ्यात सुपरवायझर धापा टाकत वर आला.

"काका, चला लवकर. साहेब फोटो काढतायत. तुम्ही नसलात तर काय अर्थ आहे?"

"अहो पण ही माणसं..."

"त्यांना आम्ही नव्या पुलानं काढतो. या तुम्ही."

आता माणसाचा फोटो आयुष्यात किती वेळा निघतो? काकांनी हातातलं टोक समोरच्या कडीला गुंडाळलं आणि गेले. फोटोत ते कडेला आले, अर्धेच. परत वर येईपर्यंत जुन्या पुलाला पत्रे ठोकून झाले होते.

२

नव्या पुलावर काकांना सकाळपाळी मिळाली. चमकणारं जॅकेट आणि गळ्यात शिट्टी. काम म्हणाल तर काही नाही. लोक सरळ येत, सरळ जात. ओळखीचे लोक जाता जाता चिडवत, "काय काका, दोरी कुठं विकलीत?" काका हसत. मनातून त्यांना थोडं वाईट वाटे, पण गर्दीत चेंगरण्याची भीती गेली हे बरंच झालं, असंही वाटे. दोन्ही खरं होतं.

एका सकाळी ते पत्र्याला पाठ टेकून उभे होते. पत्र्यापलीकडे जुना पूल. आणि त्यांना पलीकडून आवाज आला.

बोलण्याचा नव्हे, चालण्याचाही नव्हे. थांबलेल्या गर्दीचा आवाज वेगळाच असतो आणि तो काकांच्या अंगात मुरलेला होता. कुणी या पायावरचा भार त्या पायावर घेतं. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते. तळवे जागच्या जागी घासतात, मध्येच कुणी घसा साफ करतं. असे बारीकसारीक आवाज पुष्कळ माणसांचे एकत्र झाले की एक जड खसखस होते. तीच खसखस पत्र्यातून त्यांच्या पाठीला लागत होती.

काका बाजूला झाले. नव्या पुलावरची माणसं त्यांच्यासमोरून सरासर चालली होती. मग थांबलेली माणसं कोणती?

त्यांनी इंजिनिअर बाईंना गाठलं. बाई वयानं लहान, डोक्यावर टोपी, चपळ. काकांशी त्या नीट बोलत, उडवून लावत नसत.

"पत्र्यामागं सगळं पोकळ आहे काका. इकडचाच आवाज तिकडं जाऊन परत येतो. आणि तुमचे कान वर्षानुवर्षं त्याच आवाजात गेलेत. चला, दाखवते."

त्यांनी पत्र्यातलं छोटं दार उघडलं. पलीकडे जुना पूल रिकामा पडला होता. सिमेंटची धूळ, त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं. पुढं जिन्याचं तोंड होतं, पण पायऱ्या नव्हत्या. पायऱ्यांच्या जागी थेट खड्डा आणि त्यात खाली उभ्या सळया. तोंडाशी काकांची दोरी तशीच होती, दोन्ही कड्यांना ताणलेली.

"ती दोरी सोडून आणू का?"

"नको हो. पुढची जमीन कच्ची आहे. आणि राहू दे ती, एखादा मजूर चुकून पुढं गेला तर तेवढाच आडोसा."

बाईंचं म्हणणं बरोबरच होतं. काका मुकाट्यानं परत आले. दार बंद झालं, आणि ते पाठमोरे झाले तशी पलीकडे कुणीतरी घसा साफ केला.

आपलं वय झालं, असं काकांनी स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं एक काम केल्यावर हात-कान इतक्यात थोडेच विसरतात? हे कारण त्यांना पटलं. मात्र त्या दिवसापासून ते पत्र्याला पाठ टेकून उभे राहिले नाहीत.

३

काकांना एकच लेक. घरी तिला चिंगी म्हणत. चांगली कमावती झाली तरी नाव चिंगीच. स्टेशनाजवळच्या चष्म्याच्या दुकानात ती कामाला होती. लोकांना अक्षरं वाचायला लावायची, काचा बदलून द्यायची. संध्याकाळी त्याच स्टेशनातून गाडी पकडून घरी यायची. दिवे लागायच्या सुमाराला दारात चपलांचा आवाज आला की काका न बघता म्हणायचे, आली.

नवा पूल झाल्यापासून तिला उशीर व्हायला लागला.

"एवढा पैसा ओतला, सरकते जिने केले, आणि तू पहिल्यापेक्षा उशिरा येतेस?" बायको म्हणाली. "मला तर दुसराच वास येतोय. कोण आहे तो? घरी घेऊन ये, आम्ही काही खात नाही त्याला."

"काहीतरीच काय गं आई." चिंगी हसली, पण हसणं दमलेलं होतं. "पुलावर थांबवतात ना."

काकांचा घास हातातच राहिला. "कोण थांबवतं? आता तिथं कुणी नसतं थांबवायला."

"कोण ते मला दिसत नाही. पुढचे थांबतात, म्हणून मी थांबते. तुम्हीच सांगितलंय ना, गर्दीत ढकलायचं नाही."

"कुठं थांबतात?"

"नव्या पुलावरून जाता जाता सगळे डावीकडं वळतात तिथं."

"डावीकडं पत्रा आहे, चिंगे."

"पत्रा नसतो हो बाबा तिथं. उघडंच तर असतं." तिनं भाजी वाढून घेतली. "पण एक बरं आहे, कुणी धक्काबुक्की करत नाही. फोनवर बोलत नाही. कुणी काहीच बोलत नाही. मग बऱ्याच वेळानं मला एकदम घरची आठवण येते आणि मी मागं फिरते."

"आणि बाकीचे?"

"ते थांबतात," ती म्हणाली.

रात्री बायको म्हणाली, "पोरगी काहीतरी लपवतेय." काकांनाही तसंच वाटलं. खरं सांगायचं तर त्यांना तसंच वाटायला हवं होतं. एखादा मुलगा निघाला असता तर त्यांनी त्याला पहिल्या दिवशी जावई करून घेतला असता.

४

उशीर वाढत गेला. चिंगीचं बोलणं कमी झालं. आणि एक नवीनच खोड लागली तिला. घरी आली की ती उंबऱ्याबाहेर उभी राहायची. दार उघडं असलं तरी आत यायची नाही. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची आणि समोर बघत राहायची.

"अगं, उभी काय राहिलीस? आमंत्रण देऊ का?" बायको स्वयंपाकघरातून ओरडायची, आणि मग ती आत यायची.

एकदा बायको घरात नव्हती. काका खुर्चीत बसून मुद्दाम गप्प राहिले. चिंगी दारात उभी राहिली ती राहिलीच. बाहेरचा उजेड कमी होत गेला. ती भार बदलत होती, या पायावरून त्या पायावर. शेवटी काकांना ते बघवेना. त्यांच्या तोंडून आपसूक निघालं, "चला."

चिंगी आत आली, पिशवी ठेवली आणि हातपाय धुवायला गेली.

काका बसल्या जागी गार झाले. त्या शेवटच्या संध्याकाळी आपण थांबा म्हणालो. चला म्हणालोच नाही. सुपरवायझरनं लोकांना नव्या पुलानं काढलं, हे त्यांनी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं. सगळे घरी गेले असणार. न जायला काय झालं? माणसं काय दोरीनं बांधलेली असतात? काकांनी उलटसुलट विचार केला, आणि दर वेळी उत्तर तेच आलं, की सगळे घरी गेले असणार. तरी ते पुन्हा पहिल्यापासून विचार करायला लागले.

"चिंगे, उद्यापासून बसनं ये. वेळ लागला तरी चालेल."

"बरं."

दुसऱ्या दिवशी ती आणखी उशिरा आली.

"बसनं आलीस ना?"

"बसच्या रांगेतच उभी होते बाबा." ती स्वतःच गोंधळलेली दिसली. "रांग पुढं सरकली, आणि बघते तर मी पुलावर. रोज थोडी पुढं जाते आता. काल समोर दोरी दिसली. तुमच्यासारखीच आहे, काळी."

"उद्या कामावर जाऊ नकोस."

"दुकानात दुसरं कुणी नाहीये बाबा. आणि..." ती अडखळली. "पुढं जागा मिळत आली आहे माझी. आता सोडून कसं चालेल?"

पाठीमागचा माणूस मागं फिरू शकतो. मध्ये असलेलाही कसाबसा वाट काढतो. पण दोरीशी पोचलेल्या पहिल्या रांगेला मागं फिरता येत नाही, हे काकांइतकं कुणाला ठाऊक असणार? मागच्यांचा भार पाठीवर असतो. पहिली रांग फक्त पुढंच जाते. आणि पुढं आता जिना नव्हता. काकांना त्या रात्री झोप लागली नाही. इतकं घाबरायला त्यांना आधी कधी झालं नव्हतं.

५

सकाळी चिंगी त्यांचा डोळा चुकवून निघून गेली. आपली पाळी संपल्यावर काका घरी गेले नाहीत, पुलावरच थांबले.

संध्याकाळ झाली. गर्दी छान वाहत होती. इंजिनिअर बाई तिथून जाताना म्हणाल्या, "बघा काका, कुठं अडतंय का?" कुठंच अडत नव्हतं. काकांना क्षणभर स्वतःचीच लाज वाटली.

मग त्यांना चिंगी दिसली. पिशवी खांद्याला, नजर समोर. ते हात वर करून ओरडणार, तेवढ्यात तिच्या मागून एक उंच माणूस आडवा आला. तो पुढं झाला तेव्हा चिंगी तिथं नव्हती. डावीकडं पत्रा होता, त्यातल्या दाराला कुलूप होतं.

काका पत्र्याशी धावले. तीच खसखस, पण आज फार जवळून. पत्रा जमिनीपासून थोडा वर होता. काका गुडघ्यांवर बसले, मग आडवे झाले. येणारे-जाणारे लोक त्यांना वळसा घालून जात होते. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याचं काहीतरी पडलं वाटतं."

फटीतून त्यांना पाय दिसले.

बूट, चपला, सँडल, कुणाचे मळलेले कॅनव्हासचे. सगळे दोरीकडे तोंड करून, एकामागे एक खेटून उभे, जुना पूल संपेपर्यंत आणि त्याच्याही मागं, जिथं पूल नव्हताच तिथपर्यंत. धुळीवर एकही ठसा नव्हता. काही पाय काकांच्या ओळखीचे होते. त्या शेवटच्या संध्याकाळी त्यांनी हेच पाय रोखले होते. त्या पायांचे मालक नव्या पुलावरून रोज काकांना चिडवत जातात, हेही त्यांना आठवलं, आणि त्या विचारापुढं जायला त्यांचं डोकं तयार होईना.

पहिल्या रांगेत चिंगीच्या चपला होत्या. डाव्या चपलेचा तुटलेला पट्टा काकांनीच घरी दाभणानं शिवला होता. चपलांची टोकं दोरीच्या खाली होती. त्यापुढं खड्डा.

ती या पायावरून त्या पायावर झाली. सगळीच रांग झाली.

काकांना कळलं की हे सगळे एका शब्दासाठी उभे आहेत, आणि तो शब्द फक्त आपल्यालाच म्हणता येतो. तो त्यांच्या जिभेवर आलाही होता. चला म्हणावं, सुटावं, सोडवावं. पण चला म्हटलं तर पहिली पावलं चिंगीची पडणार. नाही म्हटलं तर ती इथंच उभी राहणार, आज, उद्या, कायमची. फटीला गाल लावून काका तसेच पडून राहिले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मग त्यांनी आयुष्यात कधी न दिलेला हुकूम दिला. दोरीवाला गर्दीला असं कधीच सांगत नाही, कारण मागं फिरलेल्या गर्दीला कुठं जायचं ते माहीत नसतं.

"मागं फिर," ते पत्र्याखालून म्हणाले. "चिंगे, मागं फिर. घरी जायचंय."

चिंगीच्या चपला जागेवर वळल्या.

मग तिच्या शेजारचे बूट वळले. त्यामागचे वळले. एकेक करून नव्हे, सगळे एकदम, जराही धक्काबुक्की न करता.

६

गाडीत चिंगी त्यांच्या शेजारी बसून आली. पुलावरच ती त्यांना भेटली होती. "तुम्ही इथं कसे हो बाबा, आणि कपडे किती मळवलेत," असं म्हणत तिनं त्यांच्या शर्टावरची धूळ झटकली होती. आता ती पूर्वीसारखी बडबडत होती. दुकानात एक आजोबा आले, त्यांना वरचं मोठं अक्षरसुद्धा दिसेना, आणि नंतर कळलं की त्यांनी डोळेच मिटलेत. काका ऐकत होते आणि पोटभर हसत होते. डबा नेहमीपेक्षा जास्त भरलेला होता, पण त्यांनी तिकडं लक्ष दिलं नाही. लेक मिळाली होती.

घरी बायकोनं दोघांना एकत्र बघून भुवया उंचावल्या. "आज वेळेवर? दिवा ओवाळू का?" चिंगी उंबऱ्यावर थांबली नाही. सरळ आत आली, हातपाय धुतले आणि ताट घेऊन बसली. काकांनी तिला वाढलं. दोन घास खाल्ल्यावर ती म्हणाली, "बाबा, दार लावू नका."

"का गं?"

"मागून येतायत ना."

इमारतीच्या जिन्यावर पावलं वाजली. घाई नव्हती. एक मजला चढून झाला, मग दुसरा. पायरीगणिक माणूस असावा तसा तो आवाज होता, आणि खाली रस्त्यापर्यंत तो संपत नव्हता. काका उठले तेव्हा त्यांची खुर्ची पडली. ते दाराशी पोचले. दार लावायला वेळ नव्हता. इतक्या वर्षांची सवय, त्यांनी चौकटीला एक हात टेकवला आणि दुसरा आडवा धरला.

"थांबा."

आवाज थांबला. जिन्यावरचा दिवा गेलेला होता. अंधारात काकांना काही दिसलं नाही. फक्त खसखस ऐकू आली आणि पुष्कळ माणसांच्या श्वासाची ऊब हाताला लागली. त्यांच्या मागं एक छोटीशी खोली होती, खोलीपलीकडे गॅलरी. गॅलरीपुढं काही नव्हतं.

"कोण आहे?" बायकोनं आतून विचारलं.

चला म्हणायची सोय नव्हती. मागं फिरा म्हणावं, असं त्यांनी ठरवलं आणि श्वास घेतला.

तेवढ्यात चिंगी ताटावरून उठली. तिनं पिशवी खांद्याला लावली, चपला घातल्या, आणि काकांच्या हाताखालून वाकून पलीकडे गेली.

"अगं, कुठं निघालीस?" काकांनी विचारलं.

"माझी जागा पुढं आहे ना बाबा," ती समजूत घातल्यासारखी म्हणाली आणि वळून उभी राहिली, त्यांच्याकडे तोंड करून, बाकीच्यांसारखी. तिचा श्वास त्यांच्या मनगटाला लागत होता. आता मागं फिरा म्हटलं, तर तीही जाणार होती.

बायको हात पुसत बाहेर आली. तिला जिन्यावर फक्त आपली लेक दिसली.

"हे काय नवीन? भरल्या ताटावरून उठवलंत तिला?" ती म्हणाली. "अहो, हात काढा ना. येऊ द्या पोरीला आत."

काकांचा हात खांद्यापासून थरथरायला लागला होता. त्यांनी दुसऱ्या हातानं तो कोपराखाली धरला आणि तसाच आडवा ठेवला.